हमीदाबीच्या अर्जातली न लिहिलेली ओळ

माझ्या नवऱ्याला मी सगळं सांगितलं, हे एक सोडून. बहिणी आल्या की माहेरी, जांब समर्थला, देवळाच्या पायरीवर तासतासभर बोलत बसायचो आम्ही — तिथंबी ओठावर आलं आणि परत गेलं. दत्ताला, म्हणजे माझ्या पोराला, तर सांगायची सोयच नव्हती. का ते कळेल तुम्हाला. तुम्ही मला ओळखत न्हाई म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेल. पण बसा जरा. मी एकदम मुद्द्यावर यायची न्हाई. मला तिथवर चालत जावं लागतंय.

आधी हमीदाबी.

जुन्या जालन्यात आमची दोघींची घरं पाठीला पाठ लावून उभी. मधल्या भिंतीत हातभर खिडकी. ती कुणी पाडली, कधी पाडली, कुणाला माहीत न्हाई, पण आमची निम्मी जिंदगी तिच्यातून इकडची तिकडं झाली. तीळगूळ तिकडं, शीरखुर्मा इकडं. तापाची गोळी तिकडं, मेथीची जुडी इकडं. मी तिला हमीदाबी म्हणते, ती मला भाबी. माझा चहा पिताना तिचं दर वेळी एकच — "भाबी, इसमें तो चम्मच खडा रहता." आणि मंग दोन कप पिते.

तिचा सलीम आणि माझा दत्ता एका वयाचे, शाळेत एका बाकावर. सलीमचा बाप लवकर गेला, त्यामुळं पोरगं दिवसभर आमच्याकडंच. दत्ता पहिलीत गेला तेव्हा मीबी पहिलीत गेले — घरच्या घरी. माहेरी शेतात राबण्यात शाळा राहून गेल्ती. दत्ताला मला शिकवायचा कंटाळा. सलीमला मोठी हौस. माझी पाटी हातात घ्यायचा, मास्तरासारखा मान वाकडी करून बघायचा. चुकलं की पुसून टाकायचा. बरोबर आलं की म्हणायचा, "बराबर, काकू." एवढंच. त्या एका शब्दासाठी मी भाकऱ्या थापता थापता पिठात अक्षरं गिरवायची.

हे लक्षात ठेवा. मला लिहायला सलीमनं शिकवलं.

पुढं मी इतकी तयार झाले की गल्लीतल्या बायका माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला लागल्या. रेशनकार्ड, पोराचा दाखला, विधवेची पेन्शन. माझा एक नियम होता आणि त्याचा मला भारी गर्व होता. लिहून झालं की ओळीखाली बोट फिरवत सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं, मंगच बाईचा अंगठा. खाली कार्बन घालून एक प्रत तिच्या घरी. कचेरीत लोक न वाचता अंगठे घेतात. माझ्याकडं तसं न्हाई, असं मी चारचौघीत सांगायची. बघा, किती तोऱ्यात सांगायची.

सलीम वायरिंगचं काम शिकला आणि आखातात गेला. कोणत्या देशात ते राहू द्या. वर्षभरानं त्यानंच दत्ताला तिकडं बोलावून घेतलं, त्याच मालकाकडं. दोघी मायांनी मिळून पेढे वाटले. रविवारी एसटीडी बूथवर आम्ही दोघी एकाच फोनला कान लावून उभ्या राहायचो; अर्धं ती ऐकायची, अर्धं मी.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिथं एक मजूर भर दुपारी काम करता करता पडला, तो उठलाच न्हाई. सलीम मालकापुढं उभा राह्यला. म्हणाला, दुपारचं काम बंद ठेवा, आणि ज्याला घरी जायचंय त्याला त्याचा पासपोर्ट द्या. सगळ्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असायचे, दत्ताचाबी. मालकानं तांब्याची तार चोरल्याची फिर्याद दिली. सलीमला धरून नेलं. मालकाचा माणूस चौकीत बसून राह्यला आणि त्याच्यासमोर पोराला तळपायांवर मारलं. मंग त्याचा हात धरून एका कागदावर अंगठा उठवला. कागद अरबीत. त्यात काय लिहिलंय, ते त्याला कुणी वाचून दाखवलं न्हाई.

हे मला दत्तानं फोनवर सांगितलं. सुटून बाहेर पडलेल्या एकाकडून त्याला कळलं होतं. त्या दिवशी हमीदाबीला ताप होता, मी एकटी गेल्ते. दत्ता हळू आवाजात, घाईघाईनं बोलत होता. म्हणाला, "आई, लिही. मालकाचं नाव लिही, त्याच्या सांगण्यावरून मारलं असं लिही. माझी फिकीर करू नको, मी पाहीन माझं."

पोरगं असं म्हणालं. हे मी मुद्दाम सांगून राह्यले. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती.

आम्ही तिथल्या आपल्या दूतावासाला पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं, हिंदीत. दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची पुढच्या महिन्यात बैठक आहे, तिथं अशा कामगारांची प्रकरणं मांडणार आहोत. घरच्यांनी लिहून द्यावं — काय झालं, कधी झालं, कुणी केलं, कुणाच्या सांगण्यावरून. तोवर वर्तमानपत्रात जाऊ नये. हमीदाबी म्हणाली, गुपचूप का? चार लोकांत ओरडून का विचारत न्हाईत? मी तिला समजावलं, आणि चांगलं समजावलं. म्हटलं, लेकीला सासरी जाच असला तर बाप दारात उभा राहून बोंब मारतो का? मारली तर लेक तिथंच राहाते आणि जाच वाढतो. मंग एखाद्या जाणत्या माणसाला पाठवतात. तो जातो, चहा पितो, पाऊसपाण्याचं बोलतो, आणि निघताना उंबऱ्यात व्याह्याला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारतो — अमक्या दिवशी अमक्यानं पोरीवर हात उचलला, ते काय होतं? आता व्याह्याला उत्तर द्यावंच लागतं. पण त्या जाणत्याला घरच्यांनी नावच सांगितलं न्हाई, तर तो काय करणार? नुसते हात जोडणार, पोरीला सांभाळा म्हणणार आणि परत येणार. सरकार सरकारशी असंच बोलतं, हमीदाबी.

एवढं मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायला जागाच न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून न बोलता दारातून आली, डोक्यावर ओढणी नीट घेऊन, जशी कचेरीत जाते तशी. दत्तानं सांगितलेलं सगळं मी तिला आधीच सांगितलं होतं. रडली न्हाई. समोर बसून तिनं एकेक शब्द सांगितला. मी हिंदीत लिहीत गेले. सलीमचा जन्म, शाळा, स्वभाव, कामावर कधी गेला, कधी धरला. मंग ती थांबली, आणि म्हणाली, "अब ये लिखो भाबी. मेरे बच्चे कू मालिक के बोलने पे तलवों पे मारे, हाथ पकड के बिन पढे कागज पे अंगूठा लगाए. मालिक का नाम लिखो. छुपाओ नक्को."

माझ्या डोळ्यांपुढं ते कपाट आलं. मी कधी पाह्यलेलं न्हाई, पण आलं. लोखंडी, हिरवं, आणि आत दत्ताचा पासपोर्ट. मालकाला कळणार की जालन्यातून कागद आला. जालन्याचा दुसरा कोण आहे इथं? — त्याला शोधायलासुद्धा जायला नको.

माझा हात चालत होता. थांबला असता तर तिला कळलं असतं. त्या ओळीच्या जागी मी लिहिलं — मेरा बेटा निर्दोष है, उस पर रहम किया जाए.

मंग नियम. वाचून दाखवायचं.

मी बोट फिरवत वाचायला लागले. बोट त्या ओळीवर आलं, आणि तोंडातून तिचं वाक्य गेलं. सगळं. मालकाच्या नावासकट. अडखळलेसुद्धा न्हाई हो मी. ती डोळे मिटून ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, "बस. अब ठंडक पडी." आणि शाईच्या गादीवर अंगठा टेकवून माझ्यापुढं केला. मी तो धरला, कागदावर दाबला.

ज्या गोष्टीविरुद्ध आम्ही दाद मागत होतो, तीच मी त्या खोलीत केली. दुसरं काय म्हणायचं याला?

बैठक झाली. तिथं ज्यांची प्रकरणं मांडली, त्यातला बदनापूरकडचा एक जण तीन महिन्यांत घरी आला. त्याच्या भावानं कागदावर सगळी नावं घातली होती. सलीमबाबत पत्र आलं, की दयेची विनंती केली आहे, ती विचाराधीन आहे. तो सव्वादोन वर्षांनी आला. त्याचं लग्न ठरलेलं होतं, ते तोवर मोडलं होतं. पुढं चांगली बायको मिळाली, लेकरं झाली, ते वेगळं. अजूनबी सकाळी उठला की पहिली चार पावलं तो भिंत धरून टाकतो. मधल्या खिडकीतून मला दिसतं.

नाव लिहिलं असतं तर तो लवकर सुटला असता का? खात्री कोण देणार? ही पळवाट मी स्वतःला किती वेळा दाखवली असेल. पण जाणत्या माणसाला मी रिकाम्या हातानं पाठवलं, हे तर खात्रीचं आहे ना?

आल्यावर अंगणात बसून त्यानंच सांगितलं, की दूतावासाचा एक साहेब तुरुंगात भेटायला आल्ता. जेलरसमोर हळूच म्हणाला, तुमच्या घरच्या कागदात नुसती विनंती आहे. कुणी मारलं ते न्हाई. मंग मी यांना काय म्हणून विचारू? सलीम म्हणाला, असं कसं, अम्मीनं तर लिहिलं असेल. मंग त्यानंच अंदाज बांधला, की दिल्लीत एखादं पान हरवलं. सगळी गल्ली सरकारला शिव्या द्यायला लागली. सरकारी काम, दुसरं काय. मीबी मान हलवली. मान हलवत चहा गाळला. त्या साहेबाचं नाव मला माहीत न्हाई; त्यानं काहीच हरवलं नव्हतं.

दत्ता आणखी दोन वर्षांनी करार संपवून सुखरूप परत आला. आल्या आल्या माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "बघ आई, तू मालकाचं नाव लिहिलं तरी माझं काही वाकडं झालं न्हाई. उगी घाबरतात लोक." आजबी तो माझी ही गोष्ट मित्रांना सांगतो, की माझी माय पहिलीबी शिकलेली न्हाई पण भीत न्हाई. आता कळलं, त्याला सांगायची सोय का नव्हती ते?

आणि हमीदाबी. कार्बनची प्रत तिनं जुजदानात ठेवली, कुराण ठेवतात त्या कापडी पिशवीत. त्याला कुणी हात लावायचा न्हाई. दर ईदला शीरखुर्मा झाला की ती पिशवी उघडते आणि कागद माझ्या हातात देते. पढो भाबी. सगळ्या जिंदगीत आपण कुणाला तरी एकदा जाब विचारला, सरकारच्या मार्फत का होईना, याचा तिला अभिमान आहे. आणि मी वाचते. बोट रहमच्या ओळीवर, तोंडात मालकाचं नाव. एवढी वर्षं. ते एक खोटं नव्हतं, दर ईदचं एक होतं. नंतर ती माझ्या गालावरून हात फिरवते आणि सुनेला सांगते, हिच्या कलमानं माझा बच्चा आणला.

औंदाच्या ईदला माझी बोटं वळत नव्हती. वयानं असेल. वाचून झालं, आणि कागदाची घडी काही होईना. हमीदाबीला आता दिसत न्हाई, ती आपली हात पुढं करून बसलेली. सलीम उठला, म्हणाला, आणा काकू, आणि कागद माझ्या हातातून घेतला. घडी घालायच्या आधी त्यानं तो पाह्यला. मान जराशी वाकडी करून, माझी पाटी बघायचा तशी. वरून खाली गेला. मंग एका जागी थांबला. वाटीतला शीरखुर्मा माझ्यापुढं गार होत होता.

हमीदाबीनं विचारलं, "पढे ना भाबी ठीक से?"

त्यानं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीची गाठ मारली. माझ्याकडं पाह्यलं न्हाई.

"बराबर पढे, अम्मी," तो म्हणाला. "काकू बराबर पढे."

तेव्हापासून सलीम दिल्लीत हरवलेल्या पानाचं बोलत न्हाई. सकाळी भिंत धरून चार पावलं टाकतो, मंग खिडकीशी येतो, विचारतो, काकू, चहा झाला का. मी कप सरकवते. नाव मी लिहिलं न्हाई. लिहायला येत होतं.