सभेहून परतताना

तळलेल्या बटाट्यावर खिम्याचा गरम रस्सा पडल्याचा वास आला की मला गिरगावातली एक रात्र आठवते. दारूबंदीचे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. मी नुकताच कारकून झालो होतो. एका मित्राबरोबर खोताच्या वाडीत चोरून दारू विकणाऱ्या आंटीकडे दोन ग्लास घेतले, त्याला घरी पोचवलं आणि भूक अनावर झाली म्हणून नाक्यावरच्या इराण्याकडे शिरलो. तर कोपऱ्यातल्या टेबलाशी माझे वडील बसलेले; घरी अंड्यालाही न शिवणारे वडील, आणि समोर बटाटा-खिम्याची वाफाळती बशी. मी आल्या पावली दाराकडे वळलो. "बस," ते म्हणाले, आणि त्यांच्याही तोंडाला माझ्यासारखाच वास आला. त्यांनी पाव मोडून अर्धा माझ्या हातात दिला. एका बशीत आम्ही पहिल्यांदाच जेवलो. खरपूस बटाटे ते माझ्याकडे सारत राहिले. उठताना हळूच म्हणाले, "घरी सांगू, सभेला गेलो होतो." आईने दार उघडलं. "कशी झाली सभा?" "जोरात," वडील म्हणाले. "सभा उद्या आहे," ती म्हणाली, आणि तिने दोन पानं वाढली. भरल्या पोटी आम्ही मुकाट्याने वरणभात संपवला. आज त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी मोठा आहे, आणि वाटतं, आई तेव्हा आमच्याकडे पाठ करून उभी होती ती हसू लपवायलाच.