मामांनी वाचलेलं टायरचं वय

जगातल्या कुठल्याही वस्तूचं वय माझ्या तुमसरच्या मामांपासून आजवर लपून राहिलेलं नाही. सगळी हयात राईस मिलमध्ये गेल्यामुळे तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो यंदाचा की दोन वर्षांचा, हे ते डोळे मिटून सांगतात. पण ही विद्या तांदळापाशी थांबली तर ते मामा कसले? बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय ते पाहुण्याला त्याला हात लावू देत नाहीत. माझ्या लग्नात भर मांडवात त्यांनी भटजींना "पंचांग कोणत्या सालचं होय?" असं विचारलं होतं, आणि ते खरोखरच गेल्या वर्षीचं निघालं.

गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदूमुळे मामींना दिसेनासं झालं, म्हणून नागपूरला ऑपरेशन ठरलं. न्यायचं माझ्या गाडीतून, आणि गाडीचे टायर पार गुळगुळीत. "मले सुखरूप नेजो, बापू," एवढंच मामी मला म्हणाल्या. नवे टायर घ्यायला निघालो, तर मामा आधीच गाडीत बसलेले.

दुकानदाराने काळेकुळकुळीत चार टायर मांडले. मी पसंत म्हणणार, तोच मामा उकिडवे बसून भिंगातून टायरच्या बाजूवरचे बारीक आकडे वाचू लागले.

"पहिले दोन आकडे आठवडा, मंगचे दोन साल," ते मला म्हणाले. "हा तं सहा वर्सांचा होय! रबर बसल्या बसल्या कडक होते, बापू. तापल्या रोडवर फुटन."

दुकानदार हसला. "मामाजी, वापरलाच नाही तं नवाच ना! अन् तुमी मिलवाले. माल जुना तेवढा भारी, तुमाले का सांगाचं?"

झालं, मामा हरले, असं मला वाटलं. जन्मभर त्यांनी हेच सांगून तांदूळ खपवला होता. मामांनी शांतपणे भिंग पुसलं.

"तांदूळ शिजवाचा असते, भाऊ. याच्यावर माही बायको बसून जाणार आहे."

दुकानदार आत गेला आणि दोन महिन्यांपूर्वी बनलेले टायर घेऊन आला. चौथ्यावर आकडे दिसेनात. "पाठ करून उभा आहे म्हंजे कायतरी लपवते," म्हणत मामांनी तो उलटा करायला लावला. तो ताजाच निघाला. मामा त्या दिवशी बाजारातून लढाई जिंकल्यासारखे चालले.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली आणि मामी मामांकडे बघतच राहिल्या.

"तुमी कितीक बुढे झाले जी!"

"मी तांदूळ होय, टायर नाही," मामा ऐटीत म्हणाले.

परतताना मामी रस्त्यावरची पाटी न् पाटी मोठ्याने वाचत होत्या. घरापाशी उतरताना मामांनी आधारासाठी माझा खांदा धरला. असा त्यांनी पूर्वी कधीच धरला नव्हता. मग ते हळूच वाकले आणि ज्याच्यावर त्यांनी संशय घेतला होता, त्या चौथ्या टायरला त्यांनी थोपटलं.