संत्र्याच्या ट्रॉलीचा ब्रेक

"चाकाले हात लावशीन तं मनगट तोडीन! उतर खाली! उतर म्हणतो नं!"

हा आवाज मला फाट्यावरच ऐकू आला. फाटा ते घर चांगलं मैलभर, त्यात माझ्या मोटारसायकलचं सायलेन्सर फुटलेलं. तरी ऐकू आला. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, अमरावतीत कोणीच ठेवत नाही. पण त्या दिवशी तो आवाज अकोल्याच्या स्टेशनावर झोपलेल्या हमालालाही उठवून गेला असेल, असं मला आजही वाटतं.

अंगणात पोचलो तर भंगारवाला हातात पाना घेऊन ट्रॉलीवर चढलेला आणि खाली भाऊ कुऱ्हाडीचा दांडा उगारून उभे. भाऊ म्हणजे त्या घरचे कर्ते, मोर्शीकडचे संत्रेवाले. आठवड्यापूर्वी याच ट्रॉलीखाली त्यांचा एकुलता मुलगा गेला होता. असली वस्तू दारात नको म्हणून भावकीतल्या कोणीतरी भंगारवाल्याला बोलावलं, आणि भाऊंना ते त्याचा पाना वाजला तेव्हा कळलं.

मला पाहून भाऊंनी दांडा खाली टाकला.

"मिस्त्री आला. आता कोणी हात लावू नोका. याले पाहू द्या."

मिस्त्री म्हणजे मी. अमरावतीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, पानठेल्याएवढा खोका. पण मी लोकांना सांगायचो की रेल्वेचं इंजिन बिघडलं तर आधी मला बोलावतात, मग ड्रायव्हरला.

ती ट्रॉली साधी नव्हती. आपल्याकडच्या ट्रॉलीला ब्रेक नावाची गोष्टच नसते. ट्रॅक्टर थांबला की ती मागून ढुशी देऊन थांबते. ही मात्र कुठल्याशा कंपनीची जनरेटर वाहायची जुनी गाडी. भाऊंच्या पोरानं लिलावात घेतली, वरचा सांगाडा काढून संत्रं भरायला उघडा डाला बसवला. तिच्या चाकांत विजेचे ब्रेक होते. ड्रममध्ये मॅग्नेट, ट्रॅक्टरच्या बॅटरीतून प्लगावाटे करंट आला की मॅग्नेट चिकटणार आणि चाक धरणार. आणि खरी गंमत पुढं, ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीजवळ. तिथं एक डबी, डबीत एक पिन, पिनीला बारीक तार, तारेचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. चालता चालता ट्रॉली सुटलीच तर तार ताणून पिन उपटणार, आणि ट्रॉलीवरची स्वतःची छोटी बॅटरी ब्रेक लावणार. म्हणजे धन्याला सोडून पळालेली ट्रॉली आपणच आपले पाय धरणार.

हे सगळं वायरिंग मी आणि त्या पोरानं मिळून केलं होतं. तो मला काका म्हणायचा आणि माझ्या थापा मोजायचा. "काका, आज किती झाल्या?" "अजून चहा नाही झाला लेका, थापा कुठून होतीन?" पिन ओढून ट्रॉली जागच्या जागी घट्ट झाली तेव्हा त्यानं आनंदानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की पुढचे चार महिने मी उजवीकडे वळलो की पाठ डावीकडे जायची.

दसरा झाला आणि पुढचा रविवार यायच्या आधीच, चांदूर बाजारच्या रस्त्यावर नाल्याच्या चढावर जोडाचा बोल्ट तुटला. भरलेली ट्रॉली सुटून मागं घरंगळली. प्लग सुटला, तार ताणली, पिन उपटली, सगळं ठरल्याप्रमाणं झालं. ब्रेक तेवढा लागला नाही. पोरानं ट्रॅक्टर थांबवून उडी मारली आणि हातात दगड घेऊन चाकाकडे धावला.

दुरून एका मेंढपाळानं पाहिलं. त्यानं एवढंच सांगितलं की पोरगं चाकाकडे पळत गेलं. बाकीचं गावानं सांगितलं.

त्या वर्षांत आमच्याकडे तरणा माणूस गेला की कसा गेला, असं कोणी विचारत नव्हतं. काय प्याला, असं विचारायचे. तलाठी आला, पेपरवाला आला, दोघांनी तेच विचारलं. चाकाखाली गेला म्हटल्यावर पेपरवाल्यानं वही मिटली आणि तलाठी हळूच म्हणाला, "सोताहून?" झालं. संत्र्याला भाव नव्हता, झाडं वाळून राहिली होती, पोरगं गप्प गप्प होतं, लग्न जमत नव्हतं. गावाला एवढं पुरलं. ब्रेक तर पोरानंच बसवलेला, तो कसा लागणार नाही? पोरगा आपल्या पायानं गेला, असं ठरून गेलं.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. डोळे कोरडे, आवाज कुजबुजता. मघाचा मैलभर जाणारा आवाज याच गळ्यातला आहे यावर कोणी शपथेवरही विश्वास ठेवला नसता.

"मिस्त्री, मले येकच सांग. बिरेक चांगला होता का नव्हता? चांगला असन, तं पोरगं मराले गेलं. बिघडला असन, तं थांबवाले गेलं. बाकी मले कायी नाही पाह्यजे."

मी जॅक लावला. जन्मात पहिल्यांदा असं झालं की मी काम करतोय आणि तोंड बंद आहे. पोराची आई, म्हणजे वहिनी, दारात बसून बघत होत्या. त्यांनाही ते चमत्कारिक वाटलं असावं.

चाक उचलून फिरवलं, प्लगात बाहेरून करंट दिला. चाक टक्कन थांबलं. दुसरंही थांबलं. म्हणजे मॅग्नेट ठीक, वायर ठीक, अर्थिंग ठीक. भाऊंचा चेहरा काळवंडला. ब्रेक चांगला निघत होता.

"थांबा भाऊ, हा ट्रॅक्टरकडचा ब्रेक झाला. सुटल्यावरचा अजून पाहाचा हाय."

भाऊंना पुढचं पाहवेना, ते बादली उचलून माझ्यासाठी पाणी आणायला विहिरीवर गेले. अपघातानंतर कोणीतरी पिन परत खोचून ठेवली होती, ती ओढली. चाक फिरतच राहिलं. बॅटरीला मीटर लावलं, काटा मेलेल्या पालीसारखा पडून. माझ्या मोटारसायकलची बॅटरी काढून तिथं जोडली, पुन्हा पिन ओढली, आणि चाकं अशी धरली की जॅक हलला. बिघाड सापडला होता. बॅटरी पार उतरलेली. पोरगा दगड लावायलाच गेला होता.

मला तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. पण बॅटरी उतरली कशानं, हे न बघता हात धुणारा मी मिस्त्री नव्हतो.

"वहिनी, बॅटरी चार्जिंगले कवा लावली होती?"

"दर आयतवारी लावे तो. नवरात्रात लावली होती, घटाजवळच्या बोर्डावर. मी रागावली बी."

म्हणजे दसऱ्याला बॅटरी भरलेली होती. मी डबी उघडली. पिनीच्या भोकात, अगदी आत, जिथं पिन जागेवर असताना मुंगीही शिरणार नाही तिथं, हळद होती. कुंकू होतं. आपट्याच्या पानाचा एक तुकडाही होता.

"दसऱ्याची पूजा पोरानं केली का?" मी विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"तो कुठं होता घरी? बहिणीकडे गेला होता अकोल्याले, सोनं द्याले. पूजा यायनंच केली, तुमच्या भाऊनं. मोठ्या हौसेनं केली. सुटते ते सारं सोडलं, धुतलं, पाटावर मांडलं. दुसऱ्या दिवशी लावलं जागच्या जागी."

दसऱ्याला आपल्याकडे गाडी हलत नाही. पूजेला बसली की बसली. पिन दिवसभर पाटावर हळदकुंकवात, आणि इकडे उभ्या ट्रॉलीचे ब्रेक घट्ट लागलेले, बॅटरी मुकाट्यानं रिकामी होत चाललेली. हलवलीच नाही तर कळणार कोणाला? सकाळी पिन परत बसली. ट्रॅक्टर जोडला की ब्रेक रोजच्यासारखा लागायचा, कारण तो करंट ट्रॅक्टरचा. पोराला शंका यायला जागाच नव्हती.

भाऊ अजून विहिरीवरच होते. वहिनी आत वळल्या. मी भोकातलं कुंकू फडक्यानं पुसलं. मग बॅटरीची वायर तोंडात धरली आणि दातांनी कुरतडली. सांगायला लाज नाही, चांगली कुरतडली. तांबं हिरडीत घुसलं. आतल्या दोन्ही तारा उघड्या करून एकमेकींना टेकवून ठेवल्या.

भाऊ बादली घेऊन आले.

"भाऊ, बिरेक मेला होता. पक्कं. पोरगं दगड लावाले गेलं होतं, मराले नाही. तलाठ्याले सांगा, गावाले सांगा, मी सांगतो चौकात उभा राहून."

भाऊ ट्रॉलीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "अन मेला कावून?"

आता माझं तोंड सुटलं. "उंदीर, भाऊ! हे पाहा वायर. उंदीर म्हणजे लहानसहान नाही, दात पाहा त्याचे, मांजरीले घेऊन पळन असा. संत्र्याच्या वासानं आला असन. आमच्या गल्लीत अशाच एका उंदरानं ट्रकची पूर्ण वायरिंग खाल्ली, ट्रकवाला आठ दिवस हॉर्न तोंडानं वाजवत नागपूरले गेला. वायर कुरतडली, तार तारेले लागली, बॅटरी उतरली. कोणाचाच दोष नाही. घरच्या माणसाले दिसनच कसं?"

भाऊंनी वायर हातात घेतली, बोटांत फिरवून पाहिली. माझ्या ओठाकडे पाहिलं. तिथं रक्त आलं असावं. वायर त्यांनी परत जागच्या जागी ठेवली आणि बादली माझ्याकडे सरकवली.

"पिन म्याच काढली होती. हात धू, जेवून घे."