धाकल्या जावेची मिरची

लेकी, फोन ठेवू नको. रुसले न्हाई तुझ्यावर, पण दोन शब्द ऐकून घे. औंदा वर्षाच्या मसाल्याची मिरची तू धाकलीकडून नेलीस. धाकली म्हंजे तुझी काकू, माझी जाऊ. तुझं लग्न झाल्यापासून तुझ्या घरचं तिखट माझ्या वावरातून गेलं, अन् औंदा सासरी जाताना पूर्णेच्या गाडीत तुझ्या मांडीवर तिची पिशवी. त्या दिवशी मला भाकर गेली न्हाई. माझ्याकडं द्यायला मिरची न्हवतीच, हे मला का ठाऊक न्हाई? पण का न्हवती, ते तू विचारलंस का?

आमच्या दोघींचे मिरचीचे तुकडे शेजारी, मधी एक बांध. बी एकच, सासूबाईंचं. मीच तिला ओंजळभर दिलेलं. मी सकाळी उठले की वावरात. खुरपायचं, शेंडा खुडायचा, एकेका झाडाला हात लावून बघायचं. ती? ती फोनवर बोलत बांधावरून फिरणार, पाणी सोडणार, अन् घरी. झाडाला हात लावला तर बांगड्या मळतील तिच्या. तरी तिची झाडं कमरेला लागलेली, मिरच्यांनी वाकलेली. माझी गुडघ्याएवढी, पानावर कुठं फिकट, कुठं गर्द हिरवे चट्टे, पान वाकडंतिकडं. मला वाटलं, तिचीच नजर. तिच्या बाजूला काठीवर फाटकी चप्पल टांगली. ती बांधावरून म्हणते कशी, "अक्का, जोडीची दुसरी कुठं हाय?"

त्याच दिवसांत कृषी कॉलेजच्या पोरी गावात राहायला आल्या होत्या. त्यातली एक चष्म्यावाली माझ्या बांधावर बसली. पान उन्हात धरून बघितलं अन् म्हणाली, आजी, हा व्हायरस. मी म्हणलं, फवारा सांग. तर म्हणे, ह्याला फवारा न्हाई. हा खात न्हाई, पीत न्हाई, एकटा असला तर मातीच्या कणासारखा पडून राहतो. त्याच्याजवळ असतं काय, तर वरून एक आवरण अन् आत एक बारीक धागा. त्या धाग्यात एवढंच लिहिलेलं, माझ्यासारखे अजून कसे करायचे. करायला मात्र त्याचं स्वतःचं काहीच न्हाई. म्हणून तो झाडाच्या पेशीत शिरतो. पेशी म्हंजे ज्यांचं झाड बनलेलं असतं ती इवली इवली घरं. चूल झाडाची, पीठमीठ झाडाचं, अन् पेशी आपलं काम सोडून त्या धाग्याचं ऐकते, त्याचीच पिल्लावळ घडवायला लागते. मग ती पिल्लावळ शेजारच्या घरात.

मला लगेच समजलं बघ. धाकली लग्न होऊन आली ती एक पत्र्याची पेटी घेऊन. महिन्याभरात चूल माझी, तवा माझा, अन् सासूबाई भाकरी मागायच्या तिच्यासारखी. हे मी त्या पोरीला सांगितलं, तर ती हसून हसून लाल.

बोलता बोलता मी तंबाखू मळायला घेतली अन् पोरीचं हसू थांबलं. "आजी, ही मळून तुम्ही तसाच झाडांना हात लावता?"

"मग काय हळदीकुंकू लावून जाऊ?"

तर हा रोग मुळात तंबाखूचाच म्हणे. वाळल्या पानात तो तसाच दडून बसतो अन् बोटाला लागून येतो. खुडताना पान जरा खरचटलं, तेवढी फट त्याला पुरते. एका झाडावरून दुसऱ्यावर मीच नेला, रोज सकाळी, मायेनं. अन् जिनं कधी हात लावला न्हाई, तिचं रान साफ. सांग, जीव जळणार न्हाई का?

बरं, एवढ्यावर भागलं न्हाई. झाडं उपटून जाळा म्हणाली, अन् ह्या मिरचीचं बी धरू नका, बियाच्या सालीला तो चिकटून येतो. म्हंजे सासूबाईंचं बी माझ्याकडून संपलं. आता ते फक्त तिच्याकडं. पेरणी जवळ आली तरी मी गेले न्हाई. तुझ्या मांडीवरची पिशवी डोळ्यापुढून हलत न्हवती. बाजारातून पाकीट आणू म्हणलं. पण पाकिटाच्या मिरचीला तू आपली म्हणली असतीस का?

शेवटी गेले. उंबऱ्यातच उभी राहिले. तिनं डब्यातल्या वाळल्या मिरच्या निवडल्या, मोठ्या मोठ्या मला दिल्या. वर म्हणाली, "तुमचंच बी हाय, अक्का. पण आधी हात धुवा."

म्हंजे पोरीनं तिलापण सांगितलं होतं. लय राग आला. अन् धुतले हात, तिच्याच मोरीत, तिच्याच साबणानं.

आता रोपं वर आलीत, पानं एकसारखी हिरवी. तंबाखू सुटली न्हाई, पण वावरात जाताना डबी घरी ठेवते. गावातल्या बाया म्हणतात, दोघींची रोपं सारखीच. सारखी कुठली, तिची बोटभर उंच हायत. ती घरात असताना मी बघून आले.

तू पेडगावची गाडी धर अन् ये लवकर. मिरची लाल व्हायची वाट बघू नको, रोपं असतानाच ये. काकूचं दार वाटेत लागतं, लागू दे. आधी माझ्याकडं चहा घे, मग जा तिच्याकडं, जायचंच असलं तर.