नाना पेट्रोलचा कॉक कुठे बंद करायचे

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवर लोक वडावरच्या बाईबद्दल लिहितात ते मी चवीने वाचतो आणि नंतर बायकोला चिडवतो. त्यामुळे हे लिहू की नको, यातच दोन महिने गेले...

आमचं घर भुईगावला, केळी-नारळांच्या वाडीत. नोकरीमुळे मी तुळिंजला फ्लॅट घेतला. आई मात्र वाडी सोडून यायला तयार नाही. माझ्या वडिलांकडे, म्हणजे नानांकडे, येझदी मोटरसायकल होती. काळी, टाकीच्या बाजूंना क्रोम. ज्यांनी चालवलीय त्यांना ठाऊक असेल, एकाच दांडीने किक मारायची आणि तीच खाली पाडून गिअर टाकायचे. ऑईल पेट्रोलमध्ये आपल्या हाताने मिसळायचं. धूर तर असा की वाडीतले डाससुद्धा गाव सोडून जावेत!

नानांची एक सवय होती. टाकीखाली पेट्रोलचा छोटा नळ असतो, त्याला कॉक म्हणतात. तो बंद केला तरी कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडं अंतर जाते. ऑईलचं पेट्रोल रात्रभर आत साचून राहू नये म्हणून नाना घराच्या बरंच अलीकडे, चालत्या गाडीवरच वाकून कॉक बंद करायचे. अंदाज इतका पक्का की गाडी वळण घेऊन फाटकातून आत यायची आणि बरोब्बर अंगणात आपोआप बंद पडायची. वळणावर आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची. कधी अंदाज चुकला तर गाडी वळणावरच थांबायची. मग नाना घामाघूम होऊन ढकलत आणायचे आणि आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. फार सुखाचे दिवस होते ते, तेव्हा कळलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आवाज असाच वळणावर थांबला. आई ओट्यापाशी होती. तिला वाटलं, आज अंदाज चुकला, येतील ढकलत. तिने गॅस बारीक केला आणि वाट पाहत राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी शेजारी धावत आले. नाना वळणावर गाडीला टेकून बसलेले होते... हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, लगेच कुणी गेलं असतं तरी उपयोग नव्हता. आईने ते कधीच मानलं नाही. "आवाज थांबला तवाच उठले असते तर..." हे ती मला एकदाच म्हणाली, पण तिच्या तोंडावर ते रोज दिसायचं. रडली मात्र नाही, तेव्हाही नाही.

गाडी तिला डोळ्यांसमोर नको झाली. "भंगारात घाल," म्हणाली. मी टेम्पोत घालून तुळिंजला आणली आणि तिला सांगितलं, घातली. माझ्याने नाही झालं हो.

गेल्या वर्षी गाडी पुन्हा उभी करायला घेतली. गास गावचे बस्त्याव अंकल दर रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून यायचे. सत्तरी ओलांडलेले मेकॅनिक. नानांच्या गाडीला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. पार्किंगमध्ये पहिली किक लागली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून खाली आले. अंकल शांतपणे म्हणाले, "साहेब, धूर नाय हा, धूप हाय. नमस्कार करा आनि जावा वर."

कॉक त्यांनी नवीन बसवला. तो इतका घट्ट की पक्कड लावल्याशिवाय फिरेना. "ऱ्हाऊ दे. वापरून सैल होईल," अंकल म्हणाले. मी तो पक्कडीने उघडला आणि तसाच ठेवला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी साडेचारला, मी येझदीवरून भुईगावला निघालो. आईला कळवलं नव्हतं. तोंडावर कबूल करायचं आणि बोलणी खायची, असं ठरवलं होतं. तिने गाडी फाटकाबाहेरच अडवली तर? आधीच मोडलेल्या माणसाला मी पुन्हा दुखावतोय, असंही वाटत होतं. सोपारा, गास, निर्मळ... गाडी लोण्यासारखी चालली होती. दोन्ही हात हॅण्डलवर होते, हे मी शपथेवर सांगतो.

आमच्या वळणावर आवाज बारीक झाला आणि गाडी थांबली.

उतरलो, वाकून पाहिलं. कॉक बंद! बोटांनी फिरवून बघितला, जागचा हलेना. मान वर केली तर समोरून आई येत होती. अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. गुडघ्यांमुळे घरापासून वळणापर्यंत यायला तिला सात-आठ मिनिटं तरी लागतात. आणि मी थांबून मिनिटही झालं नव्हतं.

"आई, तू इथे कशी?"

"गाडी थांबली ना. आवाज बंद झाला."

"अगं, आत्ता थांबली. या मिनिटाला!"

"नाय रे, मगाशीच. मी हातातलं टाकून तशीच निघाले."

मगाशी म्हणजे, ती घरातून निघाली तेव्हा, मी निर्मळच्याही अलीकडे होतो. तिथून भुईगावात आवाज पोचणं शक्यच नाही.

आई गाडीजवळ आली. सीटवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग तांब्या माझ्यापुढे धरला. "पानी पी आधी." मी प्यायलो. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, लहान पोरासारखी.

"आले की नाय या टायमाला?" ती म्हणाली. "लगेच आले बघा."

मला ती "बघा" म्हणत नाही. मी तिचा मुलगा आहे, मला ती अरे-तुरे करते. माझेही डोळे भरून आले होते.

नंतर दोघांनी मिळून गाडी ढकलत अंगणात आणली. भंगारातून ती परत कशी आली, हे आईने विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी बस्त्याव अंकलांना भुईगावला नेऊन कॉक दाखवला. त्यांनीही पक्कड लावूनच फिरवला. सगळं ऐकून घेतलं, क्रूसाची खूण केली आणि "टाईट तर तसाच हाय रे," एवढंच म्हणाले. हादऱ्याने फिरला म्हणावं, तर घट्ट कॉक, गाडी नेमकी वळणावरच थांबेल अशा बरोब्बर अंतरावर कसा फिरेल? आईला भास झाला म्हणावं, तर तो नेमका त्याच दिवशी, त्याच वेळी? मी डोकं खाजवून थकलो.

कुणाकडे याचं कारण असेल तर जरूर लिहा. मी शांतपणे वाचेन, कदाचित पटेलही. फक्त ते आईपर्यंत जाऊ देणार नाही.