ताईच्या पायांवर निळा रंग

नववीत असताना चित्रकलेच्या सरांनी आम्हाला एक प्रकल्प दिला. जगभरच्या मोठ्या क्रीडास्पर्धांची जुनी पोस्टरं त्यांनी वर्गातल्या पडद्यावर दाखवली. धावणारे, उड्या मारणारे, भाला फेकणारे. "बघा, रंग तीन-चारच आहेत," सर म्हणाले, "पण सगळा जोर शरीरात आहे. आता अशी एक स्पर्धा आपल्या दिंडोशीत होणार असं समजा आणि तिचं पोस्टर करा."

बहुतेकांनी क्रिकेट घेतलं. मी कबड्डी घेतली, कारण घरात ताई होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वसाहतीतल्या मंडळाकडून खेळायची, मुंबई उपनगरच्या जिल्हा संघातही तिची निवड झाली होती. मग कुर्ल्याच्या एका सामन्यात तिचा उजवा गुडघा फिरला. डॉक्टरांनी खेळ बंद सांगितला. आई म्हणाली, "बरं झालं, एकदाचं सुटलं." हे ताईसमोरच म्हणाली. तेव्हापासून ताई मॉलमधल्या मोबाइलच्या दुकानात दिवसभर उभी असायची. टीव्हीवर सामना लागला की उठून स्वयंपाकघरात जायची.

म्हणून मी घाबरतच विचारलं, "ताई, मला पोज देशील?"

"कशाची?"

"चढाईची."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. रविवारी दुपारी मात्र तीच म्हणाली, "चल गं गच्चीवर." तिने कपाटाच्या तळातून पिवळी जर्सी आणि शॉर्ट्स काढून घातली होती. पाण्याच्या टाकीजवळ ती वाकली, एक पाय मागे ताणला, हात पुढे फेकला. दुखऱ्या गुडघ्यावरच सगळा भार आला होता, तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, बस जरा. "तू काढ ना यार," ती खेकसली, "सारखी सारखी नाही उभी राहणार मी."

लाल माती, पिवळी जर्सी, तपकिरी पाय. सगळं पोस्टर कलरमध्ये. पाय मुद्दाम मोठे काढले, अर्धा कागद त्यांनीच व्यापला. मातीत खरचटून गुडघ्यांवर पडलेले काळे डागही काढले. सरांनी ते वर्गात उंच धरलं. "याला म्हणतात पोस्टर!" घरी ताईने ते पलंगावर ठेवून खूप वेळ पाहिलं. "मांडी बरोबर आलीय," एवढंच म्हणाली. पण प्रदर्शनाच्या दिवशी तिने दुकानातून सुट्टी काढली आणि संघातल्या एका जुन्या मैत्रिणीलाही बोलावलं.

शाळेच्या हॉलमध्ये माझ्या पोस्टरला पहिल्या क्रमांकाची रिबन लावलेली होती. आणि पोस्टरमधल्या ताईला निळी ट्रॅक पॅन्ट घातलेली होती. कमरेपासून घोट्यापर्यंत सपाट, जाड निळा रंग. डाग गेले होते, मांड्या गेल्या होत्या. वाकलेलं अंग दोन पाइपांवर ठेवल्यासारखं दिसत होतं.

मी सरांना गाठलं. ते हळूच म्हणाले, "काल मुख्याध्यापिका बाई बघून गेल्या. संस्थेचे लोक येणार, पालक येणार, मुलीचे एवढे उघडे पाय नकोत म्हणाल्या. चित्रच काढून टाकणार होत्या. मी वाचवलं."

"तुम्ही रंगवलंत, सर?"

"बक्षीस मिळालं ना? मग?"

शेजारीच मुलांनी काढलेले पोहणारे आणि पहिलवान उघड्या अंगाने टांगलेले होते. त्यांना कुणी काही घातलं नव्हतं.

तेवढ्यात ताई आणि तिची मैत्रीण येऊन उभ्या राहिल्या. मैत्रीण हसायला लागली. "काय गं, थंडी वाजत होती तुला?" ताई हसली नाही. सरांना म्हणाली, "सर, अशी पॅन्ट घालून कोणी चढाईला जात नाही. कापड हातात आलं की पकड झालीच."

"समजून घ्या हो. शाळा आहे."

"माझीपण हीच शाळा होती. आम्ही शॉर्ट्सवर खेळून जिंकलेली ढाल तुमच्या ऑफिसात लावलीय. ती चालते?"

सर दुसऱ्या पालकांकडे वळले.

चित्र घरी आल्यावर मी ओल्या कापसाने तो निळा पुसायला घेतला. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, पण वरचा सुटताना खालचाही सुटला. थोड्याच वेळात कमरेखाली नुसता राखाडी चिखल उरला आणि कागद फुगला. मी रडायला लागले. ताई म्हणाली, "सोड आता, जेवायला चल."

"मी परत काढते. परत पोज दे ना."

"नाही," ती म्हणाली. "एकदा दिली ना? बस झालं."

तिला माझा राग आला होता की शाळेचा, हे मला कधी कळलं नाही. दोन वर्षांत लग्न होऊन ती मुलुंडला गेली. ती खेळायची हे तिच्या सासरी कुणाला माहीत नाही. एकदा मीच सांगायला लागले, तर तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मीही त्या पोस्टरनंतर चित्रकला सोडली. सर अधूनमधून बाजारात भेटतात. "काढतेस ना काही?" विचारतात. मी नाही म्हणते. "हात चांगला होता गं तुझा, वाया घालवलास," असं म्हणून ते मनापासून हळहळतात.