पाण्यात टाकलेला सांधा

आखाजी जवळ आली की तो दुभंगलेला पाट अजून माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तेव्हा मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि मनसोक्त झोके घेतात. एका गावातल्या आबांनी आपल्या लेकीसाठी अंगणात खास सागवानी झोका करून घेतला होता. ऐन सणाला ती झोक्यावर असताना पाट मधोमध फाटला. खाली फरशी होती. तिच्या कमरेचं हाड मोडलं, आणि ती पूर्वीसारखी चालेल की नाही हे डॉक्टरही सांगेनात.

आबांनी झोका करणाऱ्या मिस्तरीविरुद्ध फिर्याद दिली. आम्ही हलगर्जीपणाचा गुन्हा नोंदवला. त्याला आणायला जीप काढणार, तोच गडी सायकलवर स्वतः ठाण्यात हजर झाला.

"साहेब, चूक मनीच शे," तो म्हणाला. "आखाजीनी घाईमा शिकंजा लवकर काढी टाका. आते रंधा बंद." म्हणजे सुतारकामच सोडणार होता तो.

लाकडाच्या फळ्या पांढऱ्या गोंदाने जोडल्या की गोंद सुकेपर्यंत त्या शिकंज्यात आवळून ठेवाव्या लागतात. लेक यायच्या आत झोका टांगायचा म्हणून त्याने त्या लवकर मोकळ्या केल्या होत्या. वर एकही स्क्रू दिसता कामा नये, असा आबांचा हट्ट होता. त्यामुळे सगळी भिस्त गोंदावरच होती.

हवालदार खूश झाला. आयती कबुली, आणखी काय हवं? पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे माझी जित्याची खोड. गोष्ट फार सरळ दिसली की मला चैन पडत नाही.

पंचनाम्याच्या वेळी मी तुटलेली कड नखाने खरवडली होती. गोंद मऊ होता, आणि सायीसारखा पांढरा. सुकलेला गोंद काचेसारखा दिसतो, एवढं मला घरच्या खुर्च्या दुरुस्त करताना कळलेलं होतं. मग हा पुन्हा पांढरा कसा झाला? आबांच्या पत्नीला, अक्कांना, विचारलं. त्या म्हणाल्या, "सणाचा झोका शे साहेब. रोज सकाळी सडा टाकतस, तवय तोबी धुतस. मंग कुंकू लावतस."

मिस्तरीला हे माहीत होतं, म्हणूनच त्याने वॉटरप्रूफ गोंदाचा डबा आणला होता. डब्यावर तसं छापलेलंही होतं.

मिस्तरीला जामिनावर सोडलं आणि त्याचा उरलेला गोंद जप्त केला. रीतसर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला. पण अहवालाची वाट पाहत बसण्याइतका धीर माझ्यात कधीच नव्हता. त्याच छापाचा नवा डबा मी दुसऱ्या शहरातून मागवला. सागवानाचे तुकडे आणून काही त्याच्या गोंदाने जोडले, काही नव्याने. दोन्हींचे शिकंजे मिस्तरीइतक्याच घाईने सोडले, आणि तुकडे त्याच्यासारखेच सुकायला ठेवले. मग ठाण्याच्या व्हरांड्यात बादली भरून सगळे तुकडे बुडवले. ठाणं हसत होतं. "साहेबांनी रिटायर झाल्यावरच्या धंद्याची सोय केली," असं एक शिपाई माझ्या कानावर जाईल इतपत मोठ्याने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हसणं थांबलं. मिस्तरीच्या गोंदाचे तुकडे हात लावताच सुटले. कडेला तीच पांढरी साय होती. नव्या डब्यातल्या गोंदाचा सांधा मी गुडघ्यावर धरून पिळला, तरी हलला नाही. म्हणजे घाई दोन्हीकडे सारखीच होती, खोट गोंदात होती.

मी खबऱ्यांना गोंदाच्या डब्यांवर नजर ठेवायला सांगितलं. थोड्याच दिवसांत जळगावच्या एका भंगारवाल्याचा फोन आला. "साहेब, इथे एक जण गोंदाचे रिकामे डबे घेतो. पण झाकण फुटलेलं असलं तर परत करतो. भंगारात झाकण कोण बघतं?"

तिथल्या पोलिसांना सोबत घेऊन मेहरूणच्या बाजूच्या एका गोडाऊनवर छापा घातला. आत साध्या गोंदाची पिंपं होती आणि धुऊन ठेवलेल्या, नामांकित कंपन्यांच्या डब्यांच्या रांगा. मालक चांगला बोलका निघाला. दोन-तीन दिवसांनी ठाण्यातल्या चौकशीत तो माझीच समजूत घालू लागला. "साहेब, दोन्ही पांढरे, दोन्ही चिकटतात. गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?"

मी वाद घातला नाही. त्याच्याच पिंपातल्या गोंदाने जोडलेलं एक स्टूल हवालदाराने आदल्या दिवसापासून हौदात बुडवून ठेवलं होतं. ते ओलंचिंब त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "बसा."

तो एक पाऊल मागे सरकला.

"बसा ना. निवांत बोलू."

"नको साहेब. उभाच बरा आहे."

त्यानंतर त्याने माल कुठून येतो आणि कुठे जातो ते सगळं सांगितलं; मिस्तरीने डबा घेतला ते दुकानही त्यात होतं. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही आमच्या बादलीसारखाच आला.

मिस्तरीला बोलावून मी तो न सुटलेला सांधा त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि मग ढसाढसा रडला. कबुली ऐकून फाईल मिटली असती, तर एक प्रामाणिक कारागीर मी कायमचा मारला असता. भित्रा माणूस खोटी कबुली देतो, हे मला नोकरीने शिकवलं होतं. सच्चा माणूसही देतो, हे या प्रकरणाने शिकवलं.

पुढच्या आखाजीला आबांनी मला आग्रहाने बोलावलं. अंगणात नवा झोका होता, त्याच मिस्तरीचा. त्याने सगळ्यांदेखत हंडाभर पाणी पाटावर ओतलं आणि लांब जाऊन उभा राहिला. झोक्याजवळ मात्र कोणी फिरकेना. तेवढ्यात आबांची लेक काठी टेकत आली. पदराने पाट पुसला, काठी आईच्या हातात दिली आणि बसली.

आमच्याकडे सणाला बहिणीला झोका भाऊ देतो. तिचे दोन्ही भाऊ पुढे झाले. तिने हाताने त्यांना थांबवलं आणि मिस्तरीकडे पाहिलं.

"दादा, तू दूर काबर उभा शेस? झोका दे ना."